नूरजहाँ: नाण्यावरचं नाव आणि बखरीतली बदनामी

टांकसाळ्या

नूरजहाँबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं त्यात तीन गोष्टी हमखास असतात. डोळे दिपवणारं रूप, दारुडा नवरा आणि गुलाबाचं अत्तर. म्हणून हा धागा दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो, नाण्यापासून.

१६२० च्या दशकात आग्रा, लाहोर, पाटणा, अहमदाबाद, सुरत अशा टांकसाळींतून तिच्या नावाची नाणी पडली. त्यावर फारसी बैत, म्हणजे दोन ओळींचं पद्य, आहे: ब-हुक्म-ए-शाह जहाँगीर याफ्त सद जेवर, ब-नाम-ए-नूरजहाँ बादशाह बेगम जर. म्हणजे शाह जहाँगीरच्या हुकमानं, नूरजहाँ बादशाह बेगमेच्या नावामुळे सोन्याला शंभर दागिन्यांची शोभा आली. (हीच बैत चांदीच्या रुपयावरही आहे. कवीला धातूशी देणंघेणं नव्हतं.) स्वतःच्या नावाचं नाणं आणि शुक्रवारच्या नमाजातला आपल्या नावाचा खुतबा (प्रवचन), ही त्या काळी राजा असल्याची खूण. खुतबा तिच्या नावानं कधीच वाचला गेला नाही. नाणं मात्र निघालं. दिल्लीच्या रझियाचं नाणं होतं, पण रझिया स्वतःच तख्तावर होती. गादीवरचा नवरा जिवंत असताना त्याच्या जोडीनं बायकोचं नाव नाण्यावर, हा मान मुघलांत दुसरीला मिळाला नाही. जिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला त्या मुमताजलाही नाही.

थोडी पार्श्वभूमी. मेहरुन्निसा १५७७ साली कंदाहारजवळ जन्मली, घरचे लोक इराणहून हिंदुस्तानच्या वाटेवर असताना. बाप घियास बेग अकबराच्या चाकरीत शिरला आणि चढत चढत इतिमाद-उद-दौला या किताबापर्यंत पोचला. पहिला नवरा अली कुली, म्हणजे शेर अफगन, १६०७ मध्ये बर्दवानला मारला गेला. मुलगी लाडलीला घेऊन ती आग्र्याला आली आणि अकबराची बेगम रुकैया हिच्या पदरी राहिली. १६११ मध्ये जहाँगीरशी लग्न झालं तेव्हा ती चौतिशीत होती. आधी नूरमहल, मग १६१६ पासून नूरजहाँ.

आता मुद्दा. मुघल जनान्यातल्या बायकांकडे पैसा, जहागीर, व्यापार हे सगळं आधीपासून होतं. जहाँगीरच्या आईचं रहीमी नावाचं जहाज पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये पकडलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! हुकूम काढणं हेही नवं नव्हतं, हमीदाबानूचे हुकूम उपलब्ध आहेत. त्यामुळे नूरजहाँनं हुकूम काढले, तिच्या नावाचा शिक्का होता, यात फार चमकून जाण्यासारखं नाही. नवीन काय? तर जे पडद्याआड चालायचं ते तिनं उघड्यावर आणलं. बादशहा लोकांना दर्शन देतो त्या झरोक्यात बसली, हत्तीवरून शिकार केली, नाण्यावर आली. १६२२ मध्ये बाप वारला तेव्हा त्याची सगळी दौलत आणि सरंजाम जहाँगीरनं तिच्या भावाला, आसफखानाला, न देता तिला दिला. शिवाय बादशहाच्या नौबतीपाठोपाठ (नौबत म्हणजे मानाचे नगारे) तिची नौबत झडेल असा हुकूम केला. हे खुद्द जहाँगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, कुणा दुष्मनानं नाही.

आणि दुष्मनांनी काय लिहिलं? मुतमदखान हा जहाँगीरच्या पदरचा माणूस. बादशहाची तब्येत ढासळल्यावर १६२२ नंतरच्या आठवणी त्याच्याच हातून उतरल्या. पण त्याचा स्वतःचा ग्रंथ, इकबालनामा, शाहजहाँचा अंमल सुरू झाल्यावर पुरा झाला आणि त्या अंमलात हा मीर बक्षी, म्हणजे फौजेच्या खात्याचा प्रमुख, झाला. "मला शेरभर दारू आणि अर्धा शेर मांस मिळालं की पुरे, बाकी बेगम बघते" अशा अर्थाचं जहाँगीरचं जे वाक्य सगळीकडे फिरतं, ते या मुतमदखानाचं. नूरजहाँ ज्याच्याशी हरली त्या शाहजहाँच्या नोकराची ही साक्ष आहे. ती खोटीच असेल असं नाही, पण आपण तिला जहाँगीरचा कबुलीजबाब समजत आलो.

माझं म्हणणं एवढंच: ती राज्य करत होती, लपूनछपून नव्हे तर नवऱ्याच्या संमतीनं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या राज्याला "बाईच्या नादी लागलेला बादशहा" हे रूप नंतर दिलं गेलं.

वरणफळ

लेख आवडला, पण तुम्ही जहाँगीरला फारच सोडून दिलंत. दारू आणि अफू तो घेत होता हे त्यानंच लिहिलंय, कुठल्या वयात किती प्याले याच्या हिशोबासकट. असा माणूस "संमती" देतो म्हणजे नक्की काय देतो?

टांकसाळ्या

@वरणफळ, बरोबर, प्याल्यांचा हिशोब त्याचाच. पण हेही त्यानंच लिहिलंय की आजारपणात हकिमांपेक्षा नूरजहाँची अक्कल कामी आली आणि तिनं त्याची दारू हळूहळू कमी केली. नवऱ्याला नशेत ठेवून सत्ता बळकावणाऱ्या बाईचं हे वागणं नव्हे. तिचा सगळा डोलारा त्याच्या जिवावर उभा होता. तो जगणं ही तिची पहिली राजकीय गरज.

कावळा_क्र_७

बारा राशींची नाणी तिनंच पाडली ना? एक दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि चोवीस तासांत सगळ्या टांकसाळी कामाला लावल्या, अशी गोष्ट ऐकलीय.

टांकसाळ्या

ती तावेर्नियेची गोष्ट. हा फ्रेंच जवाहिऱ्या बाजारगप्पा फार रंगवून सांगतो. राशींची नाणी १६१८ मध्ये निघाली आणि महिन्याच्या नावाऐवजी राशीचं चित्र घालायची कल्पना आपलीच असं जहाँगीर अभिमानानं सांगतो. बादशहाची चांगली कल्पना बायकोच्या नावावर आणि बायकोचं राज्य एका दिवसावर, असा दुहेरी अन्याय एकाच गोष्टीत झालाय.

अत्तरदाणी

आयडीमुळे मला बोलणं भाग आहे :)

गुलाबाचं अत्तर नूरजहाँचं नव्हे, तिच्या आईचं, अस्मत बेगमचं. गुलाबपाणी करताना वर जो तेलाचा तवंग येतो तो तिनं थोडा थोडा जमवला. जहाँगीरनं हे स्वतः लिहिलंय, वर या वासानं खचलेली मनं टवटवीत होतात वगैरे कौतुकही केलंय. अत्तर-ए-जहाँगीरी हे नाव अकबराची बेगम सलीमा सुलतान हिनं दिलं आणि अस्मत बेगमला मोत्यांचा सर बक्षीस मिळाला. गंमत बघा, शोध आईचा, नाव जावयाचं, प्रसिद्धी लेकीची.

कपड्यांचंही थोडं जपून घ्यावं. किनारी, बादला, पातळ मलमलीचे प्रकार, जमिनीवर अंथरायची पांढरी फर्श-ए-चांदनी, वधूवरांचा पंचवीस रुपयांत होणारा नूरमहली पोशाख, हे सगळं तिच्या नावावर घालणारा इतिहासकार खाफीखान पुष्कळ नंतर, अठराव्या शतकात लिहीत होता. एवढं मात्र खरं की शंभर वर्षांनीही नव्या फॅशनला तिचंच नाव चिकटत होतं. नामांकित माणसाच्या नावावर जगभरच्या गोष्टी जमा होतात तसं.

पंचवीस रुपयांत लग्नाचा पोशाख मात्र मला खरा वाटतो, किंबहुना खरा असावा असं वाटतं. अनाथ मुलींची लग्नं तिनं लावून दिली, हुंड्याची सोय केली, असं मुतमदखानच लिहितो आणि आकडा पाचशेच्या आसपास देतो. विरोधी पक्षाच्या माणसानं दिलेलं प्रशस्तिपत्र आहे, ते मी टिकाऊ समजते.

शिळोप्याची_ओसरी

कला-संस्कृतीत तिची खरी पुंजी म्हणजे आग्र्यातली इतिमाद-उद-दौलाची कबर. आपले लोक ताज बघून थकतात, पेठा घेतात आणि गाडीत बसतात. रिक्षावाले तिला "बेबी ताज" म्हणतात, त्यामुळे ती ताजची नक्कल असावी असा समज होतो. क्रम उलटा आहे. नूरजहाँनं आईबापांसाठी ही कबर १६२२ ते १६२८ या काळात बांधली. ताजचं काम १६३२ मध्ये सुरू झालं.

हुमायूनची कबर पाहा, सिकंद्र्याला अकबराची पाहा. लाल दगडाचा दांडगा पसारा. इथे यमुनेच्या पलीकडच्या काठावर एक लहानशी, पांढऱ्या संगमरवराची इमारत, मधोमध मोठा घुमटसुद्धा नाही, चार कोपऱ्यांत ठेंगणे मिनार. पण भिंतीचा वीतभर भाग मोकळा सोडलेला नाही. रंगीत दगड कापून संगमरवरात बसवायची पच्चीकारी इतक्या प्रमाणावर मुघलांनी आधी केलेली नव्हती. आणि विषय काय निवडलेत? सुरूची झाडं, फुलदाण्या, फळं, सुरया, पेले. कबरीवर सुरया! इराणी घराचा दिवाणखाना असावा तशी ती सजावट आहे. जाळीतून आत येणारं ऊन दुपारनंतर बघा, सकाळी आत अंधार वाटतो.

शाहजहाँनं पुढे ताजमध्ये हेच सगळं घेतलं, फक्त मोकळी जागा सोडायला शिकला. ज्या बाईला त्यानं राजकारणातून उठवलं तिच्याकडूनच त्याची अभिरुची आली, असं मी म्हणेन. वाद घालायला तयार आहे.

वरणफळ

"तिच्याकडूनच" जरा जास्त होतंय. कारागीर तेच, खजिना तोच, काळ तोच. शाहजहाँ लहानपणापासून रत्नपारखी म्हणून ओळखला जायचा.

शिळोप्याची_ओसरी

कारागीर तेच मान्य. पण कारागिराला "लाल दगड नको, पांढरा घे आणि छोटं बांध" हे सांगणारं कुणीतरी लागतं ना!

मुक्काम_पोस्ट_नगर

इतके प्रतिसाद झाले आणि दख्खनचं नाव नाही? नूरजहाँच्या राजकारणाचे निम्मे धागे आमच्या भागात येऊन अडकतात.

१६१७ मध्ये खुर्रम दख्खनच्या मोहिमेवरून मांडूला परतला. निजामशाहीच्या मलिक अंबरनं घेतलेला मुलूख आणि अहमदनगरचा किल्ला परत मिळाला होता. बापानं शाहजहाँ हा किताब दिला, तीस हजारी जात, म्हणजे सरदारकीचा दर्जा, दिली. त्या विजयाची मेजवानी नूरजहाँनं दिली आणि तिचा खर्च तीन लाख रुपये झाला, असं जहाँगीर लिहितो. त्या वेळी दोघांचं गूळपीठ होतं. मुमताज ही तिच्या भावाची, आसफखानाची मुलगी, म्हणजे शाहजहाँ हा भाचीचा नवरा. पण लाडली तिची स्वतःची. १६२१ मध्ये लाडलीचं लग्न जहाँगीरच्या धाकट्या मुलाशी, शहरयारशी, झालं आणि पारडं फिरलं. पुढच्याच वर्षी इराणच्या शाह अब्बासनं कंदाहार घेतलं. शाहजहाँला तिकडे जायचा हुकूम झाला. तो हटून बसला, कारण दरबार सोडून तेवढ्या लांब गेलो तर मागे काय होईल याची त्याला कल्पना होती. त्यात त्यानं मागितलेली धोलपूरची जहागीर शहरयारला गेली. झालं, बंड.

आता आमचा भाग. शाहजहाँ हरून दख्खनेत उतरला, मग तेलंगण, ओरिसा, बंगाल असा भटकत फिरला. त्याच्या मागावर त्याचा भाऊ परवेज आणि सेनापती महाबतखान मोठी फौज घेऊन उत्तरेत गुंतले. १६२४ मध्ये मलिक अंबरनं नगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र लोळवलं, तेव्हा मुघलांचे बिनीचे सरदार इथे नव्हते हे विसरून चालणार नाही. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. भातवडी आपल्याकडे मलिक अंबरच्या युक्तीची म्हणून सांगतात, तलावाचं पाणी सोडून चिखल केला वगैरे. युक्ती होतीच. पण आग्र्याच्या घरातलं भांडणही त्याच्या मदतीला धावून आलं होतं.

पुढे बंगालमधून मार खाऊन परतलेला शाहजहाँ मलिक अंबरच्याच आसऱ्याला आला. ज्याला हरवून किताब मिळवला त्याच्याच दारात! १६२६ मध्ये बापाला शरण गेला तेव्हा अटी कडक होत्या: असीरगड आणि रोहतास सोडायचे, दारा आणि औरंगजेब ही दोन पोरं दरबारी ओलीस पाठवायची. सात-आठ वर्षांचा औरंगजेब नूरजहाँच्या नजरेखाली ओलीस म्हणून राहिला. पुढे सख्ख्या बापाला कैदेत टाकणाऱ्या माणसानं लहानपणी काय पाहिलं, हे बघा.

कावळा_क्र_७

@मुक्काम_पोस्ट_नगर, जबरदस्त. औरंगजेबाचं हे माहीत नव्हतं.

नीरा_काठ

झेलमचा प्रसंग कुणीच लिहीत नाहीये, म्हणून लिहिते.

मार्च १६२६. काबूलच्या वाटेवर झेलमच्या काठी शाही तळ. आसफखान फौज आणि सामानसुमान घेऊन पूल ओलांडून पलीकडे गेलेला, बादशहा अलीकडे मोजक्या माणसांनिशी. महाबतखान चार-पाच हजार राजपूत घेऊन आला आणि बादशहाला ताब्यात घेऊन बसला. महाबतखान म्हणजे आयुष्यभर जहाँगीरशी निष्ठा राखलेला सेनापती. नूरजहाँनं हिशोबाचा आणि हत्तींचा तगादा लावून त्याला भिंतीला टेकवलं होतं.

नूरजहाँ निसटून नदीपार गेली. तिथे तिनं सरदारांना गोळा केलं आणि सरळ झापलं, भावासकट: तुमच्या गाफीलपणामुळे हे झालं. दुसऱ्या दिवशी ती हत्तीवर बसून नदीत उतरली. पूल जाळलेला, उतार चुकलेला, पाणी खोल. हौद्यात शहरयारची तान्ही मुलगी आणि तिची दाई होती, तिथे बाण लागला. हत्ती जखमी झाला. हल्ला फसला. आसफखान अटकच्या किल्ल्यात पळून गेला. आणि ही? ही स्वतःहून महाबतखानाच्या छावणीत जाऊन नवऱ्याबरोबर कैदेत बसली.

मला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शंभरेक दिवस तिनं महाबतखानाला वाटू दिलं की सगळं त्याच्या मनासारखं चाललंय. दरम्यान काबूलमध्ये राजपूत आणि अहदी (बादशहाचे खास शिपाई) यांच्यात जुंपली, महाबतची माणसं कमी झाली. इकडे ती गुपचूप आपली माणसं भरत होती. परतीच्या वाटेवर फौजेची पाहणी करायच्या निमित्तानं बादशहा सुटला आणि महाबतखानाला पळावं लागलं. लढाईत हरली, वाट पाहण्यात जिंकली.

वरणफळ, नवरा नशेत आणि बायको सत्तेत, एवढ्यावर हे सगळं कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

वरणफळ

@नीरा_काठ, धाडस नाकारतंय कोण? १६१७ मध्ये हौद्यातून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले तेव्हाच ते सिद्ध झालं होतं. नवरा इतका खूश झाला की हजार अशर्फ्या उधळल्या आणि लाख रुपयांच्या हिऱ्यांच्या बांगड्या दिल्या. रामपूरच्या रझा ग्रंथालयात अबुल हसनचं एक चित्र आहे त्यातही ती बंदूक ठासताना उभी आहे, पुरुषी पेहरावात.

माझा आक्षेप धाडसाला नाही, राजकारणाला आहे. कंदाहार गेलं ते गेलंच. सगळ्यात कर्तबगार शहजादा बंडखोर झाला. सगळ्यात निष्ठावान सेनापती बंडखोर झाला. पाच वर्षांत एवढी पडझड, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, जावई शहरयार. ज्याच्यात राजा व्हायचा वकूब नव्हता त्याच्यावर तिनं सगळं लावलं.

टांकसाळ्या

हा आक्षेप मात्र वजनदार आहे.

एक भर घालतो. इतिहासकार बेनी प्रसादांनी १९२२ मध्ये मांडलं की नूरजहाँ, बाप, भाऊ आणि शाहजहाँ या चौघांचा एक गट दरबार चालवत होता. पुढे नूरुल हसन यांनी मनसबींच्या, म्हणजे सरदारांच्या दर्जांच्या, बढत्या तपासून दाखवलं की असा बांधलेला गट दिसत नाही. बाप आणि भाऊ आपल्या कर्तबगारीवर चढत होते, शाहजहाँचं स्वतंत्र चाललं होतं. मला दुसरं पटतं, आणि ते पटलं की तुमच्या प्रश्नाकडेही वेगळं बघता येतं. तिच्यामागे गट नव्हता. बाप गेल्यावर भाऊ मनानं आपल्या जावयाकडे, म्हणजे शाहजहाँकडे होता. तिला स्वतःचा मुलगा नव्हता. जहाँगीरनंतर टिकायचं तर हातात एकच प्यादं उरलं होतं. निवड वाईट होती, पण दुसरी कुठली होती?

पैशाचं कुणी विचारलं नाही, पण तिची स्वतःची ताकद तिथे दिसते. आग्र्याच्या डच वखारीतला पेलसार्ट लिहितो की यमुनेपलीकडे सिकंद्र्याला तिची सराई होती आणि पूर्वेकडून येणारा माल नदी ओलांडण्याआधी तिचे अंमलदार तिथे जकात घ्यायचे. पंजाबात जालंदरजवळ नूरमहल गावात तिनं बांधलेली सराई अजून उभी आहे. लाल दगडाचा दरवाजा, त्यावर माणसं-जनावरं कोरलेली. इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेच्या व्यापारासाठी तीन वर्षं दरबारी धरणं धरून बसला होता. शेवटी त्यालाही कळलं की काम व्हायचं तर नूरजहाँ आणि आसफखान यांचा वरदहस्त लागतो.

मुक्काम_पोस्ट_नगर

शेवटचा अंकही आमच्याकडेच घडतो, तो सांगून टाकतो.

ऑक्टोबर १६२७ मध्ये काश्मीरहून उतरताना जहाँगीर वाटेत वारला. त्या क्षणी शाहजहाँ कुठे होता? जुन्नरला! महाबतखानही पळून त्याला येऊन मिळालेला. आसफखानानं बहिणीला छावणीत नजरकैदेत ठेवलं, मुमताजची पोरं तिच्या ताब्यातून काढून घेतली, जहाँगीरचा थोरला मुलगा खुस्रो याच्या मुलाला, दावरबक्षला, तात्पुरता बादशहा करून टाकलं आणि बनारसी नावाच्या जासुदाला आपली अंगठी देऊन जुन्नरकडे पिटाळलं. पत्र लिहायलाही वेळ नव्हता, अंगठी हीच खूण. काश्मीरच्या घाटापासून जुन्नरपर्यंत तो वीस दिवसांत पोचला. शाहजहाँ जुन्नरहून गुजरातमार्गे आग्र्याला निघाला. तिकडे लाहोरला शहरयार हरला, आंधळा केला गेला आणि १६२८ च्या जानेवारीत शाहजहाँच्या हुकमानं दावरबक्षसकट मारला गेला.

दोनच वर्षांनी, १६३० मध्ये, त्याच जुन्नरच्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शिवनेरीला जाणाऱ्यांनी खाली जुन्नर गावाकडे बघताना शाहजहाँचीही आठवण काढायला हरकत नाही.

अत्तरदाणी

आणि तिचं पुढे काय? मारलं नाही तिला?

नीरा_काठ

नाही मारलं. वर्षाला दोन लाख रुपये तनखा दिला. लाहोरला लाडलीसोबत राहिली, १६४५ मध्ये वारली. लाहोरजवळ शाहदऱ्याला तिची कबर आहे, लाडलीही तिथेच. शीख राजवटीत त्या कबरीचा संगमरवर काढून नेला गेला, इंग्रजांनी तिच्या आणि जहाँगीरच्या कबरीमधून रेल्वेचे रूळ टाकले. रुळांच्या पलीकडे नवऱ्याच्या शेजारी कुणाची कबर आहे माहितीये? भावाची, आसफखानाची.

वरणफळ

तनखा दिला यावरून आठवलं. दोन लाख ही लहान रक्कम नाही. शाहजहाँला तिची भीती उरली नव्हती म्हणून दिला, की आसफखानानं शब्द टाकला म्हणून? टांकसाळ्या, मुतमदखानाची साक्ष तुम्ही काढून टाकलीत, पण शाहजहाँच्या वागण्याची साक्ष तर काढता येणार नाही. ज्यानं भाऊ-पुतणे गादीवर बसायच्या आधी संपवले त्यानं हिला अठरा वर्षं जिवंत ठेवलं.

टांकसाळ्या

@वरणफळ, आसफखानाचा शब्द होताच, तो बायकोचा बाप आणि आता वकील, म्हणजे सगळ्यात वरचा वजीर. पण मला वाटतं कारण त्याहून रोकडं आहे. शहजाद्याला जिवंत ठेवलं तर त्याच्या नावाचा खुतबा कुणीतरी कधीतरी वाचू शकतो. नूरजहाँच्या नावाचा कुणी वाचणार नव्हतं, नाणं पाडलं तरी. जहाँगीर गेला त्या दिवशी तिचा हुकूम छावणीतसुद्धा चालेना. शाहजहाँनं हे ओळखलं होतं.

वरणफळ

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. सत्ता तिची नव्हती, उसनी होती.

टांकसाळ्या

उसनी होती, पण सोळा वर्षं चालवली तिनंच. आसफखानाची वकिली तरी कुणाच्या मर्जीवर होती?

शिळोप्याची_ओसरी

तुमचं चालू द्या. आग्र्याला जाणाऱ्यांसाठी: इतिमाद-उद-दौलाची कबर शुक्रवारी उघडी असते, ताज शुक्रवारी बंद असतो. तो दिवस तिच्यासाठी ठेवा.